फुलांच्या पाठीचा कोट

माझ्या भावाला मी मास्तर म्हणते. बाहेर सगळे त्याला सर म्हणतात, म्हणून घरात मुद्दाम मास्तर. कुणीतरी त्याला जमिनीवर ठेवायला नको? आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. तेव्हापासून त्याच्या अंगावरचा एकेक कपडा मी शिवलाय. बायकांचे ब्लाऊज शिवून पोट भरते, पण मास्तराचा शर्ट मशीनवर घेतला की हात वेगळाच चालतो. हे त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं तर शेफारेल.

तो इंग्रजी शिकवतो, तेही मोठ्या माणसांना. ड्रायव्हर, दुकानातल्या मुली, शिफ्ट संपवून येणारे वॉचमन, असे तीस जण. त्यात दवाखान्यातल्या एक मावशी आहेत, साठीच्या. त्यांचा नातू परदेशात वाढतोय, त्याला फक्त इंग्रजी येतं, आणि मावशींना फोनवर त्याला नुसतं हॅलो म्हणून थांबायचं नाहीये. वर्ग दुपारी तीन ते पाच, छापखान्याच्या वरच्या खोलीत. खाली यंत्रं तापतात, वर पत्रा तापतो आणि मधे आमचा मास्तर भाजून निघतो. एकच पंखा, तोही बाकांवर. फळ्यापाशी वाऱ्याचं नाव नाही.

नऊ वर्षं त्यानं तिथे अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट, ढगळ पँट आणि चपला घालून शिकवलं, आणि लोक इंग्रजी शिकलेही. नोकरी मात्र तात्पुरतीच. दर उन्हाळ्याच्या शेवटी हातात कागद, घरी बसा, बोलावू तेव्हा या. मग बोलावणं येईपर्यंत हा बाबा दारातल्या पोस्टमनकडे अशा नजरेनं बघायचा की मला मशीनवरून उठून आत जावं लागायचं. बघवायचं नाही हो.

यंदा संस्थेत नवे संचालक आले. आल्याआल्या जाहीर केलं की एक जागा कायम करणार, सहा आठवडे सगळ्यांचं काम बघणार आणि शेवटी तासाला येऊन बसणार. मास्तर उड्या मारतच घरी आला. पण पुढचं ऐका! त्याच सभेत दुसरा हुकूम निघाला. सगळ्यांनी कोट आणि टाय घालून यायचं. माहितीपत्रकावर कुठल्यातरी थंड देशातल्या गोऱ्या मास्तरांचा फोटो होता, तसं दिसायचं. म्हणे, शिकवणाऱ्याकडे बघूनच आधी इंग्रजी वाटलं पाहिजे.

"डोंबल वाटलं पाहिजे!" मी म्हटलं. "त्यांच्या खोलीत कूलर आहे, ते काय रजईसुद्धा पांघरतील."

"ताई, तू काही बोलू नकोस. शिवून दे."

दिला शिवून. जाड सुटिंग, आत अस्तर, अगदी फोटोतल्यासारखा. चौथ्या दिवशी मास्तर फळ्याखाली आडवा झाला. मावशींनीच त्याला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उष्माघात थोडक्यात टळलाय. पुन्हा असं पडले तर निभावेलच असं नाही." आणि हा सलाईन लावलेल्या हातानं मला विचारतोय, "कोटाला डाग नाही ना पडला?" असा राग आला म्हणून सांगू! आणि रागाच्या मागोमाग रडू. कोट घालावा तर जीव जाणार, न घालावा तर नोकरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

त्या दुपारी मी तो कोट मशीनवर उलटा टाकला आणि बघत बसले. मग एकदम डोक्यात आलं. अहो, बाकावरच्या माणसाला कोटाचं दिसतं काय? पुढचं! मग पाठीला कापड हवंय कशाला?

घेतली कात्री. अस्तर सगळं काढलं. पुढची बाजू, कॉलर, बाह्या तशाच ठेवल्या आणि अख्खी पाठ कापून टाकली. आतला शर्टही तसाच केला. कॉलर, छातीची पट्टी, मनगटाला कफ, बाकी हवा. पण कोट अंगावर धरून ठेवायला पाठीला जुनं विरलेलं कापड तरी हवंच होतं. पांढरं लावलं आणि हा चुकून वळला, तर घामानं चिकटून आतली पाठ दिसणार. शेवटी आईच्या पलंगावरची चादर काढली. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली, वारा आरपार जाणारी. फक्त तिच्यावर मुठीएवढी निळी फुलं होती.

मास्तरानं कोट हातात घेऊन पुढून पाहिला, मागून पाहिला. "ताई, हे म्हणजे वरून कीर्तन आणि आतून तमाशा झालं!"

"झालं तर झालं. पाठ दाखवायची नाही, एवढं पाळ. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आणि पाळलंन हो त्यानं. सगळ्यांच्या आधी वर्गात जायचं, सगळे गेल्यावर निघायचं. वऱ्हांड्यात भिंतीला पाठ लावून सरकायचं. फळ्यावर लिहायचं तेही तोंड वर्गाकडे ठेवून, हात मागे वळवून, खेकड्यासारखं तिरकं तिरकं चालत. अक्षर वाकडं यायचं, ओळ फळ्याच्या टोकाला पोचेपर्यंत पार खाली उतरायची. घरी मी रोज खांदा चोळून द्यायची आणि हसायची. तोही हसायचा. पण घेरी नाही, ताप नाही. पाठीला वारा लागत होता.

गंमत पुढेच आहे. संचालक दारातून डोकावून जायचे. दार फळ्याच्या बाजूच्या भिंतीत, ते दिसले की मास्तर तिकडे तोंड करायचा, म्हणजे त्यांनाही पुढचीच बाजू दिसायची. एका सभेत ते म्हणाले, "शिकावं तर या सरांकडून. विद्यार्थ्यांकडे कधी पाठ करत नाहीत!" झालं. दुसऱ्या दिवसापासून बाकीचे शिक्षकही तिरके चालायला लागले. एक बाई चौथऱ्यावरून घसरल्या आणि पाय मुरगळून घरी बसल्या. मास्तराला इतकं अपराधी वाटलं की तो त्यांना बघून आला. जाताना कोट नव्हता घातला, बरं का.

सहावा आठवडा संपला तो शनिवार. संचालक कोट-टायमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसले, मावशींच्या शेजारी. पंखा त्याच दिवशी बंद पडला. मास्तर घाम पुसत, तिरका चालत, छान शिकवत होता. पाच वाजायला दहा मिनिटं असताना मावशी बाकावरच कलंडल्या.

मास्तर धावला. त्याला कोट आठवला नाही, नोकरी आठवली नाही. मावशींना खाली निजवलं, पाण्याचे हबके मारले, आणि काही सापडेना तेव्हा अंगातला कोट काढून त्यानंच वारा घालायला लागला. अंगात नुसता पट्टीचा शर्ट, पाठ उघडी, आणि हातात निळी फुलं फडफडताहेत! मावशींनी डोळे उघडले. संचालक उठले, फुलांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "सोमवारी तासाआधी मला भेटा."

घरी येऊन मास्तरानं हे सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवला नाही. रविवारी म्हणाला, "तुझी चूक नाही ताई." त्या वाक्यानं माझं काळीज फाटलं. चूक माझीच होती की! मला शहाणपणा सुचला आणि पोराची नऊ वर्षं पाण्यात गेली.

सोमवारी एका बाईचा ब्लाऊज द्यायचाय असं सांगून मी त्याच्या आधीच निघाले. त्या संचालकाला खडसवायचंच ठरवलं होतं. तोंडात सगळी वाक्यं तयार होती. गेले तर त्यांची खोली बंद. म्हणून पहिल्यांदाच मी वर्गात पाऊल ठेवलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. मावशी, ड्रायव्हर, दुकानातल्या मुली, एकेक जण येऊ लागले.

समोर पाहिलं आणि मी बाकावरून अर्धी उठलेच.

फळ्याला लागून पुस्तकांचं कपाट होतं. उंच, आत काळोख, आणि दारं काचेची. काच नव्हे हो, आरसाच! त्यात मला सगळे बाक दिसत होते, माझं तोंड दिसत होतं, केसात अडकलेला दोरासुद्धा दिसत होता. मास्तर वर्गाकडे तोंड करून उभा राहिला की त्याची अख्खी पाठ त्या काचेत. आणि त्याला कसं कळणार? तो तर कपाटाकडे वळतच नव्हता!

"मावशी," मी कसंबसं म्हटलं, "तुम्हाला दिसत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," मावशी म्हणाल्या. "डाव्या खांद्यावरचं फूल उलटं लागलंय तुमच्याकडून."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"सरांना वाटत होतं, आम्हाला दिसत नाही. कशाला त्यांचा जीव खाली-वर करायचा? सगळ्यांनी ठरवलं, अळीमिळी गुपचिळी. हसायचं ते जिना उतरल्यावर."

मला वाटत होतं, माझ्या हुशारीनं माझा भाऊ झाकला गेला. झाकलं होतं ते या तीस माणसांनी.

तेवढ्यात संचालक दारात आले. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मानेवर घामोळ्यांची पावडर. मी कोण ते मावशींनी सांगितलं. माझी सगळी तयार वाक्यं ऐनवेळी पळाली.

"ताई, मला ती फुलं पाच मिनिटांत दिसली होती," ते म्हणाले. "हसू आवरेना. मग बघितलं तर तीस जण तेच बघताहेत आणि एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. माणसं ज्याला इतकं जपतात, त्याच्याबद्दल मला आणखी काय बघायचं होतं? आणि दोन तास कोटात तिथे बसल्यावर बाकीचंही कळलं. कायम करायच्या कागदावर सही झालीय. त्यांना मी सांगतो, तुम्ही नका सांगू."

ते बोलतायत तोवर मास्तर आला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला, तोंड उतरलेलं. संचालकांनी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं. परत वाचलं. माझ्याकडे पाहिलं आणि लहानपणी निकालाच्या दिवशी व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला. मी त्याच्यावर डोळे वटारले, कारण नाहीतर आम्ही दोघंही तिथेच रडलो असतो.

संचालक गेले. मास्तर घसा साफ करून फळ्यापाशी गेला आणि सवयीनं हात मागे वळवून, तिरका तिरका लिहू लागला.

"सर," मावशी म्हणाल्या, "आता वळा की सरळ. आज नुसती पाठच आहे."

वर्ग जो हसला, सहा आठवड्यांचं हसू एकदम बाहेर आलं. मास्तर लाजला, मग तोही हसला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. शर्टाची पाठ घामानं भिजली होती, मीच शिवलेली. त्यानं एक लांबलचक वाक्य लिहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ओळ अगदी सरळ आली होती.