भुजंगरावांची मोटार आणि माझी चूक

माझी आणि भुजंगरावांची पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांशी. कुंभकोणमच्या शाळेत हिंदी शिकवण्याची नोकरी पत्करून मी सांगलीहून आलो, त्या दिवशी शाळेच्या मागल्या अंगणात एक अवाढव्य लष्करी मोटार उभी होती आणि तिच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. त्या पायांना मी मोडक्या तमिळमध्ये मुख्याध्यापकांची खोली विचारली. आतून उत्तर आले, "नीट जावें, मग डावीकडे वळावें. पुण्याकडील काय आपण?" मी दचकलोच. दोन दिवस आगगाडीत बसून मराठी मुलूख पार मागे टाकला होता, आणि येथे मोटारीखालून कोणी बखरीतले मराठी बोलत होते!

थोड्या वेळाने पायांमागून बाकीचे गृहस्थ बाहेर आले. कानात कुड्या, कपाळी गोपीचंदन, धोतराचा काचा मारलेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. हेच शाळेचे गणिताचे ज्येष्ठ शिक्षक भुजंगराव. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात मोडी लिहीत असत. त्या दिवसापासून मी त्यांचा 'पुणेंकर' झालो. सांगली आणि पुणे यांतला फरक मी त्यांना आजतागायत पटवू शकलेलो नाही. कृष्णेकाठी पोहोचले की पुढचे सारे त्यांच्या लेखी पुणेच!

त्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मला त्यांच्या छंदाविषयी लिहायचे आहे, आणि त्यातही एका गोष्टीविषयी. त्यांच्या कारागिरीच्या नावाला तीन वर्षांपूर्वी एक बट्टा लागला. गावात तो सर्वांना ठाऊक आहे. तो लागला कसा, हे मात्र दोघांनाच ठाऊक आहे. त्यांपैकी एक बोलणार नाहीत, तेव्हा दुसऱ्याने बोलणे भाग आहे.

आधी मोटारीविषयी. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या तिरुच्चीला लिलावात निघाल्या, त्यांतून भुजंगरावांनी ही आणली. आणली म्हणजे बैलांनी ओढून आणली. गावकरी तिला 'पट्टाळ वंडी' म्हणतात, म्हणजे पलटणीची गाडी. इतर मोटारींत इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांनाच मिळतो. हिच्यात एक दांडा ओढला की पुढच्या दोन चाकांनाही मिळतो आणि चिखलातून गाडी चारही पायांवर रांगत बाहेर येते. जोर पुढे वळवण्याचे हे काम दंतचक्रांची एक स्वतंत्र पेटी करते. भुजंगराव तिला 'दुसरी पेटी' म्हणत.

शाळा सुटली की रोज दोन तास आणि रविवारी सबंध दिवस, असे त्यांनी त्या सांगाड्यावर चार वर्षे काम केले. गाडी पाण्यात शिरली तरी गुदमरू नये म्हणून धूर सोडणारी नळी त्यांनी टपापर्यंत उंच नेली. पाणी लागताच पंख्याचा पट्टा झटकन उतरवता येईल अशी सोय केली, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवणार नाही. मागे शिपायांच्या बाकांच्या जागी आजारी माणसाला आडवे निजवता येईल अशी वेताची खाट टांगली. हे सर्व हौसेखातर. कोणी त्यांना मेकॅनिक म्हटले तर ते रागावत नसत, पण कोणी 'मास्तरांचे खेळणे' म्हटले की त्यांचे कान लाल होत.

त्यांच्या तत्त्वांची चुणूक मला पहिल्याच महिन्यात दिसली. तिरुवलंचुळीचे एक बडे जमीनदार अशीच जुनी गाडी घेऊन आले आणि तिला नवा रंग व मोठा भोंगा हवा म्हणाले. भुजंगरावांनी गाडी अंगणात एक फेरी फिरवली आणि खाली उतरून म्हणाले, "हिचा ब्रेक लागत नाहीं. आधीं थांबावयाचें पाहूं, ओरडावयाचें मागाहून." जमीनदार तणतणत निघून गेले. आठवड्याने ब्रेकसाठी मुकाट्याने परत आले.

आता त्यांची काम करण्याची रीत सांगतो, कारण सगळे पुढे तिच्यावरच घसरले. पेटी खोलताना भुजंगराव खाली केळीचे पान अंथरत आणि निघालेला प्रत्येक भाग वाढणीच्या क्रमाने त्यावर ठेवत. जो पदार्थ आधी वाढतात त्याच्या जागी आधी निघालेला भाग, नंतरच्याच्या जागी नंतरचा. जोडताना पान शेवटाकडून वाचत यायचे. चिठ्ठ्या नकोत, खुणा नकोत. "वाढणी चुकेल असें घर आमच्यांत नाहीं," ते म्हणत. मला ही युक्ती इतकी आवडली की पान नीट निरखण्याआधीच मी ती सांगलीला पत्रातही कळवली.

आमच्या गावात एक आरोग्य मंडळ आहे. त्यांच्या परिचारिका मरगदम् अम्मा तिरुभुवनम् रस्त्याने पुढे तिरुनीलक्कुडीपर्यंत खेड्यांतून बाळंतिणी आणि आजारी मुले पाहत फिरतात. अइप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागला की कालव्याचे बांध खचतात आणि बैलगाडीची चाके तुंब्यापर्यंत रुततात. मग हा फेरा बंद. ही मोटार त्या फेऱ्यासाठी वापरावी असे भुजंगरावांनी मंडळाला सुचवले. मंडळाने बांधावर एक चाचणी ठरवली. चार वर्षांच्या श्रमांचे त्यांना हेच एक फळ हवे होते. दुसरे काही मागितलेले मी कधी ऐकले नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांनी दुसरी पेटी एकदा उघडून साफ करायला घेतली. मी मदतीला होतो. काम अर्ध्यावर असता परीक्षेच्या देखरेखीसाठी त्यांना बोलावणे आले. जाताना म्हणाले, "पुणेंकर, राहिलेले भाग तेवढे काढून वाढणीप्रमाणें नव्या पानावर ठेवा." मी अगदी मन लावून ठेवले. त्यांत दोन पितळी वायसर होते, दंतचक्राच्या दोन बाजूंचे. एक केसभर जाड, दुसरा केसभर पातळ. डोळ्यांना फरक कळत नाही; बाकीचे भाग आकारावरूनच आपापली जागा सांगतात. पहिला निघाला तो मी मिठाच्या जागी, पानाच्या वरच्या अंगाला मधोमध ठेवला. दुसरा सर्वांत शेवटी निघाला, तो उजवीकडे खाली. भुजंगराव घाईने परतले आणि विचारले, "वाढणीप्रमाणें ना?" मी छातीठोकपणे "हो" म्हणालो. त्यांनी पेटी जोडली.

दुसऱ्या दिवशी बांधावर मंडळाचे अध्यक्ष, सभासद आणि अर्धे गाव जमले होते. कोरड्या रस्त्यावर गाडी झोकात आली. चिखल लागला, भुजंगरावांनी दांडा ओढला, आणि पेटीतून असा आवाज आला की बांधावरचे बगळे उडाले. दांडा पुढे जाईना की मागे येईना. चार पायांवर रांगणारी गाडी एका जागी बसली. शेवटी बैलांच्या दोन जोड्या लावून तिला ओढून काढावी लागली. लोक हसले. 'मास्तरांचे खेळणे' हे शब्द मी त्या गर्दीत तीनदा ऐकले.

अध्यक्षांनी विचारले, पेटीचे काम कोणी केले? मी भुजंगरावांच्या शेजारी उभा होतो. ते म्हणाले, "पेटी मीं जुळविली. चूक माझी." अध्यक्ष सौम्यपणे पण सर्वांना ऐकू जाईल असे बोलले, "मास्तर, फळ्यावरची चूक पुसता येते. ही गाडी पाण्यात अडकली तर अम्मांचे काय होईल?" मोटारीचा विषय तेथेच संपला.

पेटी पुन्हा जुळवून भुजंगराव तीन दिवसांत मोकळे झाले. काय बिघडले होते ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावले. तोवर मी खोलीवर हाताने भात शिजवून ताटलीत खात होतो. कुंभकोणमच्या कोणाही घरी पानावर बसलो नव्हतो. त्यांच्या पत्नी यमुनाबाई वाढायला आल्या. मी मीठ येईल म्हणून पानाच्या वरच्या बाजूला पाहत होतो. त्यांनी प्रथम चमचाभर पायस वाढले, पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात.

आमच्याकडे पहिले मीठ, वर मधोमध. यांच्याकडे पहिले पायस, खाली उजवीकडे. मी वाढणी चुकलो नव्हतो. मी सांगलीची वाढली होती आणि त्यांनी तंजावरची वाचली होती. जाड वायसर पातळाच्या जागी गेला होता. मी मान वर केली. भुजंगराव माझ्याकडेच पाहत होते. त्यांना पेटी उघडल्याबरोबर सारे कळले होते.

"जेवा," ते म्हणाले. "सांबार थंड होतें."

त्यांनी ही चूक स्वतःच्या नावावर का राहू दिली, हे मंडळाच्या सभासदांना कळले पाहिजे. मंडळाचे अध्यक्ष तेच शाळेच्या व्यवस्थापनाचेही प्रमुख होते. परगावचा हिंदी मास्तर कायम करावा की नाही याचा निर्णय त्याच पंधरवड्यात व्हायचा होता आणि तो माझ्या बाजूने झुकलेला नव्हता. भुजंगराव गप्प राहिले. मी कायम झालो. आणि मीही गप्प राहिलो. आधी भीतीने, मग लाजेने आणि मग, खरे सांगायचे तर, सवयीने. शाळेत मोटारीचा विषय निघाला की कोणी तरी म्हणे, "पेटी चुकवणारे ते मास्तर ना?" आणि मी खिडकीबाहेर पाहत असे. मला त्याची लाज वाटते. तीन पावसाळे अम्मा बैलगाडीने गेल्या, आणि पाणी चढले की गेल्याच नाहीत.

गाडी तरी कशी आहे, याचा पुरावा मी गेल्या पावसाळ्यात पाहिला. तिरुनीलक्कुडीला एका मुलीला तापाने झटके येत असल्याचा निरोप आला. बांध पाण्याखाली होता, गाडीवान नाही म्हणाला. भुजंगराव शाळेतून तसेच निघाले आणि मोटार अम्मांच्या दारी उभी केली. मीही मागे चढलो. अम्मांनी मोटारीकडे पाहिले, मग भुजंगरावांकडे, आणि पिशवी उचलून म्हणाल्या, "सरी सार, पोलाम्." बरे सर, चला, निघू. पाणी लागताच भुजंगरावांनी पट्टा उतरवला, दांडा ओढला. तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. तोच बांध, तीच पेटी. चारही चाके एका जोराने ओढत होती आणि पाणी पायरीपर्यंत चढले तरी इंजिन एकदाही खोकले नाही. वेताच्या खाटेवर निजवून मुलीला आम्ही गावात आणले. ती आता बरी आहे.

मंडळाला ही फेरी कळली, आणि आता मोटारीचा प्रश्न पुन्हा त्यांच्यापुढे आला आहे. आक्षेप एकच उरला आहे, तो तीन वर्षांपूर्वीचा. म्हणून हा लेख मी येथे लिहिला आहे, जेथे तो सभासद वाचतील.

छापायला देण्यापूर्वी मी तो भुजंगरावांना वाचून दाखवला. मधला भाग आला तसे ते अस्वस्थ झाले. "हें काढून टाका," म्हणाले. "तुम्हांस अजून नोकरी करावयाची आहे." मी म्हणालो, "काढणार नाही. नोकरी गेली तर सांगली आहेच." यमुनाबाई दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "लिहूं द्या त्यांस. तीन वर्षें इथें जेवतांना त्यांचा घास अडकतो, तो मज दिसतो." भुजंगराव हसून म्हणाले, "पेटी तीन दिवसांत नीट जाहली, पुणेंकर. तुम्हांस तीन वर्षें लागलीं. सरी, लिहा."

तेव्हा लिहितो. मंडळाच्या सभासदांनो, त्या दिवशी पानावर भाग मी मांडले होते. भुजंगरावांच्या हातून त्या गाडीत एकही चूक झालेली नाही. त्यांच्या हातांना बळ, डोळ्यांना तेज आणि शरीराला आरोग्य लाभो. साठीचा हा सोहळा पाहणाऱ्यांना त्यांच्या ऐंशीचाही सोहळा पाहायला मिळो. येत्या पावसाळ्यात बांधावरून अम्मांना घेऊन तेच मोटार हाकोत. आणि बांधावरच्या त्या दिवसाची आठवण कोणी काढलीच, तर यापुढे तेथे माझे नाव घेतले जावो.