तातू घाड्याचं गाऱ्हाणं

कट्टा गावाजवळच्या आमच्या गावात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान तातू घाड्याचा. दारूबंदी होती, तरी गोव्याहून दारू यायची आणि मिसरूड फुटलेली पोरं ती चोरून प्यायची. गावातल्या मोठ्यांनी, म्हणजे स्वतः पिणाऱ्यांनीच, ठरवलं की पोरांचं देवाला सांगायचं. मग दर जत्रेला तातू ओरडायचा, "पोरांका दारूपासून लांब ठेव रे म्हाराजा!" सगळं गाव म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" पोरं तोंड फिरवून हसायची, कारण तातूच्याच तोंडाला वास यायचा.

एकोणसाठ सालच्या जत्रेत तातूने पुढे आणखी एक मागणं घातलं, "आनी माजी दारू पयली सोडव रे म्हाराजा!"

मोठी माणसं खाली बघू लागली. "व्हय म्हाराजा" म्हटलं ते पोरांनी.