जुनी काढून टाकू

मी नांदुऱ्यातल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यात इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोडही वापरावा लागतो. त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. एकदा आमच्या प्रोजेक्टमध्ये एकाच लायब्ररीची जुनी आणि नवी अशी दोन्ही व्हर्जन्स घुसली आणि बिल्ड, म्हणजे सगळा कोड जोडून चालता प्रोग्राम तयार करणं, काही केल्या होईना. दुपारी मी वैतागून फोनवर सहकाऱ्याला म्हणाले, "दोघी एकत्र नांदूच शकत नाहीत. जुनी काढून टाकू. नवी सांभाळेल सगळं."

फोन ठेवून बाहेर आले तर सासूबाई पिशवीत लुगडी भरत होत्या.

"कुठे निघालात, आई?"

"पोरीकडं, जळगाव जामोदले. कोनी काढायच्या आंधी आपनच गेलेलं बरं."

मला हसू आवरेना, त्यामुळे त्या आणखीच फुगल्या. शेवटी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि त्यांच्या देखत लायब्ररीचं जुनं व्हर्जन काढलं. लगेच पडदाभर लाल अक्षरं उमटली. आमच्या प्रोग्राममधला तिकिटं छापणारा भाग फक्त जुनीचंच ऐकत होता.

"पाह्य, जुनीबिगर भागते काय?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

मग मी नवी काढली आणि जुनी परत घातली. बिल्ड पहिल्याच फटक्यात झालं. सासूबाईंचा राग गेला, पण त्या संध्याकाळच्या बसने निघाल्याच. "पिशवी भरलीच हाय," त्या म्हणाल्या, "तं पोरीले भेटून येतो."