भाऊजींची हलती फरशी

भाऊजींचा पाय माझ्या स्वयंपाकघराच्या छतातून गुडघ्यापर्यंत खाली आला, तेव्हा मी कढीला फोडणी देत होते. आधी माती पडली, मग फळीचा तुकडा, मग पाय. कढी गेली. वरून आवाज आला, "वहिनी, घाबरू नका, फरशी शाबूत आहे!"

पाय लटकतोय आणि हा माणूस फरशीचं सांगतोय. माझे धाकटे दीर असे होते.

आमच्या इंदूरच्या घराचा वरचा मजला लाकडी. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर माती आणि त्यावर भाऊजींनी हौसेने बसवलेल्या फरश्या. कोणी चाललं की जमीन लवायची, फरश्या खडखडायच्या. भाऊजींची कापड मिल बंद पडली आणि त्यांना तेवढंच काम उरलं. दुसरी नोकरी बघा म्हटलं, की "मिलचा भोंगा पुन्हा वाजला तर?" म्हणायचे. मग सुटी फरशी उचलायची, सिमेंट घालायचं, वर वजनाला माझा पाटा ठेवायचा. सिमेंट सुकेपर्यंत घरात चटणी नाही. थोड्या दिवसांनी तीच फरशी पुन्हा वाजायची, की सिमेंट आणखी जाड. "वजन वाढलं की दबून बसेल." खालची कडी वाकत चाललेली मला ओट्यापाशी उभं राहून दिसत होती.

"भाऊजी, फरशी सोडा, कडी बघा. सुतार बोलवा."

"मिलच्या मशिनी दुरुस्त केल्या मी. आता फरशीसाठी सुतार आणू? मोहल्ला हसेल, वहिनी."

"आणि छत पोरांच्या डोक्यात पडलं, तर मोहल्ला रडायला येईल का?"

"हिलने दो ना. हिलती है मतलब काम चालू है."

हे त्यांचं पालुपद. माग चालू असले की मिलची जमीन पायाखाली थरथरायची. तिच्यावर उभं राहण्यात त्यांची जवानी गेली. न हलणाऱ्या जमिनीवर त्यांचा विश्वासच नव्हता. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तूच बोल, तुझं ऐकतो तो." ऐकतो कसला!

पाय प्लास्टरमध्ये गेला तेव्हा ऐकलं. पळता येत नव्हतं म्हणून. मी सुतार आणला, मोडकी कडी काढवली, लोखंडी गर्डर टाकवला, फळ्या नव्या घातल्या. प्लास्टर निघाल्यावर फरश्या मात्र भाऊजींनीच बसवल्या. या वेळी पाटा मागितला नाही.

काम झाल्यावर ते खोलीच्या मधोमध उभे राहिले. टाच आपटली. थांबले. पुन्हा आपटली.

"काय, बसली ना घट्ट?" मी विचारलं.

"वहिनी, ये तो बंद पड़ गई."

मला असा संताप आला! एवढ्या खटाटोपानंतर हे ऐकायचं? पण त्यानंतर भोंग्याचं नाव त्यांनी काढलं नाही. पुढच्याच आठवड्यात एका दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला जाऊ लागले आणि हातपाय चालत होते तोवर जात राहिले. तिथल्याही कुरकुरी रोज मलाच ऐकवल्या.

हे गेले, मग भाऊजी गेले. पोरं आपापल्या गावी आहेत. वरच्या खोलीत आता मी झोपते. एकही फरशी वाजत नाही. आम्हा तिघांपैकी तिच्यावर चालायला मी उरले आहे.