फलक लागला, विहीर गेली

मंडळी, आपल्या ख्रिस्ती गावांत लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात आणि त्यानेच नवरीला आंघोळ घालतात. आज भाचीसाठी आम्ही बँड घेऊन निघालो. पुढे रिकामी कळशी घेऊन नव्वदीची फिलोमिना आत्या. पन्नासच्या दशकात तिच्या लग्नाचं पाणीही याच विहिरीचं.

पोहोचलो तर विहीर बुजवून वर फरशी! शेजारी नवाकोरा फलक: 'आपला वारसा, ऐतिहासिक विहीर'. वारसा महोत्सवाच्या स्टेजला जागा हवी होती म्हणे.

बँडवाल्याने मला विचारलं, "काका, वाजवू की थांबू?"

"वाजव ना. आता मयताचं वाजव."

कुणी हसलं नाही. आत्या तर मटकन फरशीवरच बसली. भाऊ म्हणाला, "आत्या, पाण्याचा जार मागवू का?"

"जारचं पानी तू पी. मी गेल्यावर पोरींना कोन सांगनार, पानी कुठनं आनायचं?"

तेव्हापासून गावभर फिरतोय. एक विहीर बुजलेली, दुसरीत गटार. उद्या सकाळी लग्न आहे आणि कळशी अजून रिकामी. आत्या ती खाली ठेवायला तयार नाही.

कुणाच्या वाडीत जिवंत विहीर उरली आहे का हो? लगेच कळवा. आणि कृपा करून तिच्यावर फलक लावू देऊ नका.