दीड दिवस मराठी बंद

लग्नानंतर अकरा वर्षांनी आमच्या ह्यांनी मला डोंगर दाखवायचं कबूल केलं, पण दोन अटींवर. एक, राहण्यावर पैसा जाणार नाही. दोन, मी तोंड उघडायचं नाही. "सातपुडा मध्य प्रदेशात आहे. तिथं हिंदी चालते, आणि तुझी हिंदी ऐकली की लोक दुप्पट भाव सांगतील." हे पाटबंधारे खात्यात कारकून. हिंदीच्या परीक्षांची प्रमाणपत्रं आमच्याकडे देवांच्या वरच्या खिळ्याला आहेत. मी मिरजेच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण, म्हणजे दिवसभर बोलण्याचाच पगार घेते. तरी डोंगरासाठी हो म्हटलं.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात, नुकतं उजाडताना, आम्ही पांढुर्ण्याला उतरलो. स्टेशनाबाहेर संत्र्यांच्या पेट्यांची थप्पी लागली होती आणि सगळ्या हवेला सालीचा वास. ह्यांनी मफलर सारखा केला आणि चहावाल्याला विचारलं, "भाईसाहब, सौंसर के लिए वाहन कहाँ से प्राप्त होगा?"

चहावाल्यानं ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मोटर ना? समोरूनच सुटते. बसा, चहा घ्या. थंडी लय पडून राह्यली."

मी कोपरानं ढोसलं. "अहो, मराठी!"

"महाराष्ट्रातून आलेला असेल," हे पुटपुटले. "तू गप्प."

मग कंडक्टरही महाराष्ट्रातून आलेला निघाला, पेरू विकणारी म्हातारीही, आणि मांडीवर कोंबडी घेऊन बसलेले आजोबाही. अख्खी मोटर महाराष्ट्रातून आलेली. मध्य प्रदेशी काय ते एकटे हेच.

रस्ता मात्र सुरेख. एका बाजूला फुटलेला पांढरा कापूस, दुसऱ्या बाजूला संत्र्यांचे बगीचे, आणि लांब सागाचे निळसर डोंगर एकामागे एक. "त्या डोंगरांवर जायचं ना?" मी खुणेनं विचारलं. "उद्या," हे म्हणाले. सौंसरला मोटर बदलून, डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यात आम्ही दुपारी पोचलो.

फुकट मुक्कामासाठी शाळेची पडवी उत्तम, हा ह्यांचा सिद्धांत. शाळा कवेलूंची (कौलांची), एका खोलीची, आणि मराठी. दारात पन्नाशीचे गजभिये गुरुजी उभे होते. ह्यांनी बगलेतली फाइल सावरली. तिच्यात रेल्वेचं वेळापत्रक होतं. "क्या आपके विद्यालय में कोई स्थान रिक्त है?"

ह्यांना म्हणायचं होतं, पथारी टाकायला जागा आहे का. गुरुजींनी ऐकलं, मास्तराची जागा रिकामी आहे का, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. "एक रिक्त है सर. तीन साल से. पर बच्चे पूरे हैं सर! कल गिनती कर लीजिए!"

पाच मिनिटांत खुर्ची आली, टेबलावर चादर आली, सोललेली संत्री आली. ह्यांना वाटलं, इथली माणसंच प्रेमळ.

खरं काय ते मला संध्याकाळी कळलं. शाळेसमोरच्या पंचफुलाबाईच्या अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजत होते. मला खाटेवर बसवून बाया माझ्यासमोरच खुशाल बोलत होत्या.

"साहेबाचं पोट पाह्य ना, ढेमसावानी."

"अन् बाई? शेवग्याची शेंग. मुकी हाय का वो?"

"तिले काय समजून राह्यलं! बोल बिनधास्त," पंचफुलाबाई म्हणाली. "मी लोधीखेड्याहून भावाची चार पोरं आणली. उद्या बसवते वर्गात. पोरं कमी भरली तर साहेब मराठी वर्ग बंद करून जाईन. मंग आपली पोरं हिंदी शाळेत जातीन, तीन कोस."

शेंग म्हटल्याचा राग क्षणात विरला. हे तपासणीचे साहेब नव्हेत, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तोंड उघडावं कसं? शेंग आणि ढेमसं ऐकून झालं होतं!

जेवताना मी ह्यांच्या कानात सगळं ओतलं. ह्यांचा घास हातातच राहिला. तसे हे वाईट नाहीत हो. "आत्ता सांगितलं तर ताट काढून घेतील," म्हणाले. "सकाळी नक्की सांगू." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि वांग्याची भाजी फर्मास झाली होती. दोन्ही खरं.

सकाळी सांगायच्या आतच आम्हाला वर्गात नेलं. पोरांनी खोली गच्च भरलेली, बाया खिडकीत. गुरुजींनी हजेरी सुरू केली. "शकुंतला!" म्हटल्यावर एक मुलगी इकडेतिकडे बघत राहिली. बाजूच्या मुलानं चिमटा काढला तेव्हा ती दचकून "हजर!" म्हणाली. खिडकीतून पंचफुलाबाईनं कपाळावर हात मारला.

हे सांगायला उठणार तोच गुरुजी हात जोडून पुढं आले. "सर, सच बोलता हूँ. कुछ बच्चे बाहर के हैं. मराठी बंद करना है तो कर दीजिए सर. मैं हिंदी में पढ़ाऊँगा. बस स्कूल यहीं रहने दीजिए."

मी ताडकन उठले. "काही बंद करायचं नाही! गुरुजी, हात खाली घ्या आधी! हे कसले साहेब? मिरजेचे कारकून आहेत हे, आणि मी मास्तरीण!"



"अवो माय!" खिडकीतून पंचफुलाबाई ओरडली. "मंग काल समदं आयकून राह्यली होती?"

"शेंगेसकट," मी म्हटलं.

गुरुजी खाली बसले. मला वाटलं, आता आमचं गाठोडं बाहेर. हे खुर्चीतून उठून भिंतीला टेकले आणि "क्षमा कीजिए" म्हणाले. घाबरल्यामुळे अजून हिंदीच. तिथं पहिल्यांदा कोणी तरी हसलं. मग पंचफुलाबाई आत आली. "खाल्लं थे काई परत येत नाई. बाई, तुम्ही मास्तरीण हाये ना? मंग खरा साहेब याच्या आंधी सांगा, आमचं कुठी चुकलं."

मी म्हटलं, "ही पोरं आधी लोधीखेड्याला पाठवा. पकडलं तर आहे तीही शाळा जाईल. आणि शकुंतला कोणाची? ती कुठं आहे?"

पंचफुलाबाईनं मान खाली घातली. "माही. कापूस वेचून राह्यली."

दुपारपर्यंत वावरांतून एकेक मुलगी आली, हाताला कापसाचे ओरखडे. शकू पाटी छातीशी धरून पुढं बसली. पोरं मोजली, तर उसनी नसतानाही पुरली.

मग खऱ्या तपासणीची तालीम. ह्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. ह्यांनीही मन लावून साहेब केला. एवढं खुलून हे ऑफिसात कधी वागले नसतील. "मराठी बंद कर दें तो?" दरडावून विचारलं. गुरुजी दोनदा अडखळले. तिसऱ्यांदा ताठ उभे राहिले. "नाही साहेब. बंद नाही करायची."

ह्यांनी फाइल मिटली. "बरं," म्हणाले. सातपुड्यात ह्यांच्या तोंडून चारचौघांत निघालेला पहिला मराठी शब्द तो.

तिसऱ्या दिवशी रजा संपत आली म्हणून निघालो. डोंगर पाहिले ते मोटारीतून आणि शाळेच्या खिडकीतून. मिरजेत शेजारीण विचारायची, तिकडं भाषेची अडचण आली का? आली, मी सांगायचे, आम्हाला मराठी येत होती हीच. हसायचे खरी, पण मन त्या खोलीत अडकलेलं असायचं. पोस्टमन दिसला की धावत दारात जायचे.

महिन्यानं गुरुजींचं कार्ड आलं. ह्यांनी ते उभ्यानंच मोठ्यानं वाचलं.

"साहेब येऊन गेले. एक तास तेही हिंदीत बोलले, मीही हिंदीत बोललो. मग पंचफुलाबाईच्या चहानं त्यांची जीभ पोळली, तेव्हा 'अगं माय' म्हणाले. मुलताईकडचे, मराठीच निघाले. आमची तालमीची सगळी हिंदी वाया गेली. वर्ग चालू आहे."