मामांच्या गळ्याची दुसरी प्रत

एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या सुमाराला कळमनुरीत लाऊडस्पीकर म्हटलं की जळबाचंच नाव निघायचं. माणूस मूळचा साखऱ्याचा. शाळा आठवीलाच सुटली, पण बिघडलेली वस्तू पुढ्यात आली की तिचं दुखणं सापडेस्तोवर त्याला घास गोड लागत नसे. लग्नाला, जयंतीला त्याचे भोंगे बैलगाडीतून गावोगाव जात. बायको मालनबाई घरी शिवणकाम करी.

मालनबाईचे मामा ग्यानोबा कापसाच्या जिनिंगवर हमाली करत आणि गायन पार्टी चालवत. गाणी स्वतः रचत. लिहिता येत नव्हतं, त्यामुळं साठएक गाणी सगळी त्यांच्या डोक्यातच. त्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की ऑपरेशननं जीव वाचेल, आवाज मात्र राहायचा नाही. तारीख महिन्यावर होती.

मामा तडक जळबाकडं आले. आठ दिवस रोज सकाळी बसून, ढोलकीवर थाप देत, मधूनमधून गरम पाणी पीत, त्यांनी सगळी गाणी जळबाच्या टेपरेकॉर्डरवर गायली. सहा रिळं भरली. शेवटलं गाणं झाल्यावर म्हणाले, "जळबा, टेप तुटती म्हणत्यात. गाणी दोन जागी ठिवल्याबिगर मी ऑपरेशनला जायचा न्हाई."

नक्कल करायला दुसरं यंत्र हवं होतं. बसस्टँडजवळ हिरासिंगचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्याकडं टेपरेकॉर्डर होता. जळबानं स्वतःचं यंत्र तिथं नेलं, दोन्ही तारेनं जोडली आणि सहाही रिळांची नक्कल केली. तिथंच वाजवून पाहिली. आवाज लख्ख होता. घरी येऊन त्यानं मूळ रिळं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आणि नक्कल सामानाच्या लाकडी कपाटात.

चार दिवसांनी मामांना ऐकवावं म्हणून त्यानं नकलेतलं एक रीळ लावलं. मामांचा आवाज आला, विरला, परत आला, परत विरला. दुसरं लावलं, तिसरं लावलं, सगळ्यांची तीच गत. मामा उठून ओसरीवर जाऊन बसले.

जळबानं टेप घासून जाते ते यंत्राचं तोंड कापसानं स्पिरिट लावून पुसलं. तारा बदलल्या. नवी रिळं आणली आणि हिरासिंगच्या दुकानात पुन्हा सगळी नक्कल केली. तिथं ती नीट वाजली. घरी कपाटात ठेवून तीन दिवसांनी पाहिली, तर तिचीही तीच अवस्था. मग तो तावातावानं दुकानात गेला. "तुमच्या मशीनीतच खोट हाये," म्हणाला.

हिरासिंग शांतपणे म्हणाला, "इथून नेली तवा बराबर वाजत होती का न्हाई?"

"होती."

"मग मशीनीला काहून बोल लावता भाऊ? जे झालं ते तुमच्या घरी झालं."

जळबाला राग आला, पण परत येता येता तेच वाक्य डोक्यात फिरू लागलं. घरी येऊन त्यानं बिघडलेलं रीळ लावलं आणि डोळे मिटून ऐकत बसला. मालनबाई मशीनवर झंपर शिवत होती. थोड्या वेळानं तिनं पाय थांबवला.

"अहो, ह्यो आवाज ठेक्यात जाऊन राहिला. ऐका की. रिळाचा एक फेरा झाला, की एकदा बुडतो."

जळबानं रिळावर खडूची खूण केली. खरंच, खूण एका ठरावीक जागी आली की आवाज बुडत होता. दर फेऱ्याला. टेप वाजताना किंवा भरताना बिघडली असती तर असं झालं नसतं. रीळ एका जागी स्थिर पडून असताना त्याच्या एकाच बाजूला काहीतरी बाधलं होतं.

"मालन, एक सुई दे. दोऱ्याला बांधून."

दोऱ्याला लोंबती सुई धरून तो घरभर फिरला. चुलीपाशी, ट्रंकेपाशी सुई सरळ राहिली. कपाट उघडून त्यानं ती रिळांच्या जागेपाशी नेली, तशी ती तिरकी झाली, दोरा ताणला गेला आणि सुई टच्चकन भोंग्याच्या युनिटला जाऊन चिकटली. युनिट म्हणजे भोंग्याच्या मागचा जड गोळा; त्यात लोहचुंबक असतं. रिळांचे खोके त्यानं जागा वाचवायला त्या युनिटवरच टेकवून ठेवले होते. टेपवरचा आवाज चुंबकानंच उमटतो आणि चुंबकानंच पुसला जातो, हे त्याला ठाऊक होतं. फक्त त्यानं ते स्वतःच्या कपाटाला कधी लावून पाहिलं नव्हतं.

तो मटकन खाली बसला आणि हसत सुटला. मालनबाईही हसली. "म्हंजी तुमच्या भोंग्यानंच मामाची गाणी खाल्ली व्हय?"

दुसऱ्या दिवशी तो आधी हिरासिंगकडं गेला, चूक कबूल केली आणि तिसऱ्यांदा नक्कल केली. या खेपेला ती मालनबाईच्या कापडाच्या पेटीत ठेवली. आठ दिवस थांबून वाजवली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या थापेपर्यंत आवाज जसाच्या तसा होता. मामांनी सहाही रिळं ऐकली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आता जातो मी."

ऑपरेशन झालं, मामा वाचले. आवाज गेला. त्या एप्रिलच्या जयंतीला वस्तीतल्या सात बायकांनी, मालनबाई धरून, मामांची गाणी गायचं ठरवलं. जळबा मूळ रीळ लावी, बायका सराव करत, चुकलं की मामा बोटानं थांबवत. जयंतीच्या दोन दिवस आधी वीज गेली नि झटक्यानं आली. यंत्रात टेप गुंडाळली, चुरगळली आणि तीन ठिकाणी तुटली.

जळबा उठला, कापडाची पेटी उघडून दुसरं रीळ आणलं आणि लावलं. मामांचा आवाज खोलीभर झाला.

जयंतीच्या दिवशी मंडपात उभं राहायला जागा नव्हती. हिरासिंगही दुकान लवकर बंद करून आला होता. मामा ढोलकी घेऊन बसले. त्यांनी पहिली थाप दिली, बायकांनी सूर धरला आणि दुसऱ्या कडव्याला अख्खा मंडप गाऊ लागला. जळबा भोंग्याच्या खांबाला टेकून ऐकत होता. मामा ढोलकी वाजवता वाजवता ओठ हलवत होते, आणि एकही शब्द चुकत नव्हता.